‘मा रेवा’ म्हणजे आपलीच नर्मदा का हो?

प्रश्न : नमस्कार दादा. मी शहाद्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डीएडला होते तेव्हापासून ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा रॉक बँड ऐकतेय, म्हणजे वीसेक वर्षं तरी झाली. मागे तुम्ही एका उत्तरात ओझरतं लिहिलं होतं की तुम्हीपण त्यांचे जुने फॅन आहात, तेव्हापासून विचारायचं डोक्यात होतं. तुमची आवडती गाणी कोणती? माझा मुलगा नववीत आहे, तो म्हणतो आई तुझी गाणी सुरू व्हायलाच दोन मिनिटं घेतात, तर त्याला आधी कुठलं ऐकवू? आणि अजून एक, त्यांच्या ‘मा रेवा’ गाण्यातली रेवा म्हणजे आपली धडगावकडची नर्मदाच ना? स्टाफरूममध्ये यावरून चांगलाच वाद झाला. — एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, आधी वादाचं मिटवू, कारण शिक्षकांचा वाद रेंगाळला की मधल्या सुट्टीतला चहा थंड होतो. हो, तीच नर्मदा. रेवा हे तिचंच नाव, उड्या मारत वाहते म्हणून रेवा असं जुनी माणसं सांगतात. आणि तुम्ही तर शहाद्याच्या! दक्षिण काठानं परिक्रमा करणारे कितीतरी लोक तुमच्या गावावरून प्रकाशा, तळोदा करत जातात, पांढरे कपडे, हातात काठी, कोणी दिसलं की ‘नर्मदे हर’. त्यांना कोणाला थांबवून विचारलं असतं तरी वाद दोन मिनिटांत मिटला असता.

पण गंमत इथं संपत नाही. ते गाणं बँडनं बसून लिहिलेलं नाहीये, नर्मदेच्या खोऱ्यातलं पारंपरिक गाणं आहे. आणि ते बँडमध्ये आलं त्यामागं राहुल राम आहे. लांब पांढऱ्या केसांचा, बेस गिटार वाजवत गातो तो. हा माणूस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आला, विषय काय तर पर्यावरणातली विषद्रव्यं, आणि एवढं शिकून साहेब नर्मदा बचाव आंदोलनात. म्हणजे ज्या काळात आपल्या अक्कलकुव्याच्या मणिबेलीत सत्याग्रह चालला होता, पाणी चढत होतं, लोक घर सोडायला तयार नव्हते, त्याच काळातलं हे सगळं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात गेली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, सगळी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं ते याच पट्ट्यात. आता सांगा, दिल्लीच्या बँडचं गाणं आहे म्हणून ते दिल्लीचं कसं म्हणायचं?

माझ्या मते तर ते आपल्याकडून गेलेलं आणि गिटार घालून परत आलेलं गाणं आहे. कोणी म्हणेल की भाऊ नर्मदा अमरकंटकपासून भरूचपर्यंत वाहते, त्यात तुमच्या वाट्याला काठाचे पन्नासेक किलोमीटर, एवढा कसला तोरा. बरोबर आहे. पण जळगाव-धुळ्याच्या निम्म्या लोकांना आपल्या हद्दीला नर्मदा लागते हेच माहीत नसतं, आपलं सगळं तापीवर अडलेलं. मलाही खरं म्हणजे त्या गाण्यानंच ते जाणवलं. शाळेत भूगोलात वाचलं होतं पण भूगोलात वाचलेलं डोक्यात कुठं राहतं.

आता आवडती गाणी. यादी मला जमत नाही, कारण माझं पहिलं-दुसरं ऋतूप्रमाणे बदलतं. पण पहिल्या क्रमांकाला ‘मा रेवा’ आणि ‘कंदीसा’ यांच्यात कायम भांडण असतं. दोन्ही एकाच अल्बममधली. अल्बमचं नाव पण ‘कंदीसा’, साल २०००. सात गाणी फक्त. माझा मेव्हणा रेल्वेत होता, दिल्लीला ड्युटीवर गेला की येताना काहीतरी आणायचा, एकदा ही कॅसेट घेऊन आला आणि म्हणाला दुकानदारानं दिली, मला तर काय कळेना, तूच ऐक. मी तेव्हा भुसावळला भाड्याच्या खोलीत राहायचो, उन्हाळा, पंखा पण गरम हवा फेकायचा, लोडशेडिंग असलं की टेपमध्ये सहा सेल टाकून गच्चीवर. तिथं पहिल्यांदा ‘कंदीसा’ ऐकलं. काय शब्द आहेत, कुठली भाषा आहे, एक अक्षर कळालं नाही आणि तरी मी उठून बसलो. किती दिवस मला वाटायचं संस्कृतच आहे पण उच्चार बिघडवलेत. नंतर कधीतरी वाचलं की ती केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, अरामी-सीरियाक भाषेतली, कंदीसा म्हणजे पवित्र. केरळातली प्रार्थना, भाषा तिकडं पश्चिम आशियातली, वाजवणारे दिल्लीचे आणि ऐकणारा भुसावळच्या गच्चीवर बनियनवर बसलेला. असो.

त्यात गाणारा आवाज कोणाचा ते ऐका एकदा नीट. असीम चक्रवर्ती. मांडी घालून बसायचा, पुढ्यात तबला, आणि वाजवता वाजवता गायचा. आपल्याकडे भजनी मंडळात मृदंगवाला एखादी ओळ उचलतो ना, तसं नाही, हा अख्खं गाणं खांद्यावर घ्यायचा आणि हात थांबायचे नाहीत. तबला वाजवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा हे किती अवघड आहे, ताल हातात ठेवायचा आणि गळा तालाच्या वर मोकळा सोडायचा. २५ डिसेंबर २००९ ला तो गेला. नाताळचा दिवस होता, मला फोन आला तेव्हा मी शेवभाजीच्या ताटावर बसलो होतो आणि खरं सांगतो ताई, घास तसाच राहिला. कधी भेट नाही, ओळख नाही, आणि घरचं माणूस गेल्यासारखं, बायको म्हणाली कोण होते हो, मी म्हटलं ओळखीचे.

त्याच्यानंतर २०१० ला ‘१६/३३० खजूर रोड’ आला. नाव विचित्र वाटतं, पण तो पत्ता आहे, दिल्लीत करोल बागेत ज्या घरात हे लोक सराव करायचे त्या घराचा. असीमचा आवाज त्यात आहे, आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आणि बँडनं काय केलं तर ती गाणी नेटवरून फुकट दिली, दर महिन्याला एक. तेव्हा माझ्याकडे डोंगलवालं इंटरनेट, एक गाणं उतरायला रात्र जायची, सकाळी उठून बघायचं तर नव्वद टक्क्यावर तुटलेलं. त्यामुळे त्या अल्बमची गाणी मला चांगली का वाटतात, गाणी चांगली आहेत म्हणून की मेहनतीनं मिळवली म्हणून, याचा मलाच पत्ता नाही.

‘हिल्ले ले’ हे मात्र कॉलेजच्या पोरांचं गाणं. गोरख पांडे यांची भोजपुरी कविता आहे, जनतेची पलटण येतेय आणि जग हलतंय असा भाव. मोर्चात म्हणायचं गाणं, ते ड्रम्सवर बसवलंय. आपल्या खान्देशातल्या माणसाला ते लगेच कळतं कारण त्यातला जोर संबळ-ढोलाच्या जवळचा आहे, अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या होळीला ढोल ऐकलेत ना, रात्रभर, पहाटेपर्यंत, पाय आपोआप हलतात, तसं.

‘खजुराहो’ घाईत ऐकू नका. तुमचा मुलगा ज्याबद्दल तक्रार करतो ते हेच असणार, सुस्मित सेनची गिटार येते, जाते, परत येते, आणि आपल्याला वाटतं आता गाणं सुरू होईल. ते सुरूच असतं. मला हे पटायला दोन-तीन वर्षं गेली. आपले शेतकरी भाऊ रात्री पाणी भरायला जातात, लाइट रात्रीची असते, केळीच्या बागेत मोटार चालू करून बांधावर बसायचं, तेव्हा ऐकायचं गाणं आहे हे. रावेरकडच्या माझ्या एका मित्रानं मला हे शिकवलं. त्याला संगीतातलं काही कळत नाही असं तो स्वतः म्हणतो. ‘लीव्हिंग होम’ पण तसंच, शब्द जवळपास नाहीतच, आणि याच नावाची बँडवरची डॉक्युमेंटरी जयदीप वर्मा यांनी केली, २०१० ला ती थेटरात लागली होती, मिळाली तर बघा, त्यात चौघं एकमेकांना टोमणे मारतात ते बघण्यासारखं आहे.

‘झीनी’ पण सांगायचं राहिलं, २००३ चं, कबीराची चादर. आपल्याकडे कबीर भजनात ऐकायची सवय असते त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हेच आधी ऐकवा, माझ्या आईनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, पोरं चांगली आहेत पण वाजवतात फार.

आता मुलाचं. ताई, त्याला तुमची गाणी ‘तुमची’ म्हणून ऐकवू नका, नववीतलं पोरगं आईच्या आवडीचं काहीही ऐकणार नाही, हा निसर्गनियम आहे. सिनेमाच्या दारातून आत न्या. ‘मसान’ मधलं ‘तू किसी रेल सी’ त्यानं रीलवर शंभर टक्के ऐकलेलं असणार, ते यांचंच संगीत, २०१५ चं. दुष्यंत कुमारांचा शेर उचलून वरुण ग्रोव्हर यांनी पुढं लिहिलं आणि स्वानंद किरकिरे गायले. रेल्वे जाते आणि पूल थरथरतो. सुरत लाइनवर राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला लागतं का? तिथून त्याला ‘बंदे’ वर आणा. ‘ब्लॅक फ्रायडे’ मधलं, शब्द पीयूष मिश्रांचे. १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरचा सिनेमा, कोर्टात अडकला आणि २००७ ला रिलीज झाला, गाणी मात्र आधीच लोकांपर्यंत पोचली होती. ते गाणं सुरुवातीपासून धरून ठेवतं, दोन मिनिटं थांबायचं काम नाही. मग ‘पीपली लाइव्ह’ चं ‘देस मेरा’. तीन झाली की चौथं गाणं तो स्वतः शोधेल. नाही शोधलं तर सोडून द्या, त्याला पण त्याचं काहीतरी सापडू द्या.

एक कबुली देतो. २०१३ ला सुस्मित सेन बाहेर पडला, त्यानंतरचं मी बरीच वर्षं ऐकलंच नाही, रुसलो होतो म्हणा. निखिल राव आला, इलेक्ट्रिक गिटार आली, हिमांशू जोशीचा आवाज आला, आणि मी आपला ‘आता ते राहिलं नाही’ म्हणत फिरायचो. २०१४ च्या ‘तंदानू’ मध्ये शंकर महादेवन, शुभा मुद्गल अशी मोठी माणसं पाहुणी म्हणून आली तरी मी बधलो नाही. मग २०२३ ला ‘तू है’ आला तो भाच्यानं गाडीत लावला, चाळीसगाव ते धुळे, मला न सांगता. शिरूडच्या पुढं मी विचारलं हे कोण रे. तो हसला फक्त. म्हणजे माझं दहा वर्षांचं नुकसान माझ्याच हट्टानं.

प्रश्न : रॉक म्हणजे आरडाओरडा आणि लांब केस एवढंच मला माहिती. तुम्ही म्हणता त्या बँडमध्ये तबला आहे. मग ते रॉक कसं? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : लांब केस आहेत की भाऊ, ती अट पूर्ण होते.

बाकी नावावर फार जाऊ नका. हे लोक १९९० ला एकत्र आले, सुस्मित आणि असीम आधी, मग राहुल, मग १९९४ ला अमित किलम ड्रम्सवर. अमित गबगुबी पण वाजवतो, म्हणजे बंगालच्या बाउल लोकांचं ते एक तारेचं वाद्य, काखेत धरून तार ओढतात आणि ते गुबगुब बोलतं. पहिला अल्बम १९९३ चा. त्यांच्याकडे ड्रम्स आहेत, बेस आहे, गिटार आहे, गाणं हळूहळू चढत जाऊन फुटतं, आणि चौघं मिळून ते गाणं बांधतात, कोणी एक संगीतकार लिहून देतो आणि बाकीचे वाजवतात असं नाही. मला विचाराल तर रॉक ते एवढंच, बाकी कपडे.

आणि तबल्याचा फायदा सांगतो. ड्रमचा ठोका पडला की संपतो. तबल्याचा बायां, म्हणजे डाव्या हाताचा, घुमतो, मींड घेतो म्हणजे सूर सरकवतो, तो बेस गिटारशी बोलतो. ‘कंदीसा’ हेडफोन लावून ऐका, डाव्या हाताचं काम ऐका. नसेल पटत तर सोडा, तुम्ही तुमचं नाट्यसंगीत ऐका, मी तेही ऐकतो.

प्रश्न : भाऊ, आपली अहिराणीमा असा रॉक बँड का बरं नही? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : बँड नही अशे कशे म्हनतस भो, दर लग्नात दोन असतात, एक नवरदेवाकडचा आणि एक नवरीकडचा!

गंमत सोडा. अहिराणी गाणी आज यूट्यूबवर धो धो चालतात, लग्नात डीजेवर तीच असतात, म्हणजे भाषेला ऐकणारे नाहीत असं कोणी म्हणू नये. पण जवळपास सगळं नाचायचं आहे. बसून ऐकायचं, पाच-सात मिनिटांचं, ज्यात दोन मिनिटं नुसती वाद्यं आहेत असं कोणी करत नाही कारण पैसे कोण देणार, हळदीला तर ते लावता येत नाही. माल मात्र आपल्याकडे पडलाय. श्रावणात कानबाईच्या रात्री बायका गातात ती गाणी घ्या. बहिणाबाईंच्या ओव्या लेवा बोलीतल्या, जात्यावर बसून म्हटलेल्या, जात्याचा ठेका त्यांच्यातच आहे, वेगळा ड्रमर नको. सातपुड्यातलं फुंकून वाजवायचं वाद्य पावरी घ्या, तो आवाज एकदा मायक्रोफोनसमोर नीट पकडला तर गिटारवाला बाजूला बसून ऐकत राहील. दिल्लीचा बँड नर्मदेवरून गाणं घेऊन जातो आणि आपण अमळनेरला बसून विचारतो आपलं का नाही. तुम्ही पंचविशीतले असाल तर माझ्याकडे विचारत बसू नका, दोन पोरं गोळा करा. गॅरेज नसेल तर कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन बघा, बिनहंगामात रिकामंच असतं, आवाज घुमतो पण चालतं.

प्रश्न : घरात दोन पेट्या भरून जुन्या कॅसेटी आहेत. पोरं म्हणतात भंगारात द्या, सगळं मोबाईलवर मिळतं. काय करू? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : देऊ नका हो. निदान बघून तरी द्या.

आधी कॅसेट उजेडात धरून तिच्या छोट्या खिडकीतून पट्टी बघा, पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींचा आवाज दबतो. मग आतला छोटा स्पंज बघा, पट्टीच्या मागं तांब्याच्या पातळ पत्रीवर असतो, तो गळून पडला असेल तर आवाज येतो पण लांबून आल्यासारखा येतो, लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. दुसऱ्या निकामी कॅसेटमधला काढून बसवता येतो. वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून थर एकमेकांना चिकटलेले असतात. हेड कापसाला स्पिरिट लावून पुसा. आणि टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली की रेकॉर्ड करता येतं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त जेवढ्या मिनिटांची कॅसेट तेवढी मिनिटं बसावं लागतं. तेवढा वेळ असेल तरच हात घाला.

मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं आहे. माझी ती ‘कंदीसा’ ची कॅसेट एकदा टेपनं गिळली, म्हणजे मी झाकण उघडलं तर पट्टी आत रोलरला गुंडाळलेली, शेवयांसारखी. अर्धा तास लागला सोडवायला. एका जागी इतकी चुरगळली होती की तेवढा बोटभर तुकडा कात्रीनं कापला, दोन टोकं सेलोटेपनं जोडली, जास्तीचा सेलोटेप ब्लेडनं कडेनं कापला, रेनॉल्ड्सचा पेन भोकात घालून गुंडाळलं. वाजली. फक्त ‘मा रेवा’ मध्ये एका ठिकाणी एक क्षण कमी झाला, ओळ चालता चालता उडी मारते. ती उडी मी इतकी वर्षं ऐकली की आता मोबाईलवर पूर्ण गाणं लागलं की त्या जागेवर मला वाटतं, हे मध्ये काय घुसवलंय. तेव्हा तुमच्या पेटीतल्या कॅसेटीत काय काय आहे ते मोबाईलला नाही माहिती. स्पंज मिळाला नाही तर कळवा, माझ्याकडे डबाभर आहेत.